दुधाच्या खाड्यांशेजारचे निळे गोल

पुंडलिकनगरात आमच्या मागच्या गल्लीला नळाचं पाणी ठरल्या वेळी यायला लागलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. आनंद वगैरे काही झाला नाही, खरं तेच सांगतो. त्या गल्लीच्या तोंडाशी तिथल्या लोकांनी फळा टांगला होता: 'पुढचं पाणी गुरुवारी सकाळी सात वाजता.' गुरुवारी मी दुधाच्या निमित्तानं मुद्दाम तिकडून गेलो. पाणी आलं होतं, आणि एक बाई चक्क अंगणात सडा टाकत होती. सडा! आमच्याकडे भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत जपून ठेवतात.

आमच्या गल्लीत पाणी कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या. सकाळी की भरदुपारी, काही नेम नाही. त्यापायी माझी बायको दोन वर्षांत एकदाही कन्नडला बहिणीकडे मुक्कामाला गेली नव्हती. बहीण आजारी होती. पण ही सकाळच्या एसटीनं जायची आणि दिवेलागणीला परत. "मी तिकडं अन् पाणी इकडं आलं, तर?" म्हणायची.

मी हातावर हात धरून बसलो होतो, असं मात्र कुणी म्हणू नये. जन्म देवगाव रंगारीसारख्या खेड्यातला असला तरी उभी हयात सरकारी कचेरीत कारकुनी केली आहे. महोदय, विषय, संदर्भ अशा शुद्ध मराठीत महापालिकेला इतके अर्ज केले की फाईलची दोरी पुरेना. प्रत्येक अर्जावर पोच घेतली. शेवटचा अर्ज तर बायकोला दोनदा वाचून दाखवला होता. ती पीठ मळत होती.

आणि पाणी आणलं कुणी, तर मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीताईंनी! रविवारी विहारात वंदना झाली की त्यांचं महिला मंडळ तिथंच बसायचं. पोरांची वजनं करणारी बाई आता इंजिनिअरला तोलणार का, असं मी चारचौघांत बोललोही होतो. हसलो मी एकटाच.

एका रविवारी त्या ताई दोन बायकांना घेऊन आमच्याच दारात आल्या.

"काका, आता समद्या गल्ल्यांचं एकदम मांडायचंय. उद्या वॉर्ड ऑफिसात जातोय. तुमच्या गल्लीचंबी द्या."

मी फाईल आणून टेबलावर आपटलीच. "घ्या. सगळे अर्ज आहेत."

त्यांनी पानं अगदी आदरानं उलटली. "लई भारी लिहिलंय, काका. पण पाणी आलं कधी, ते कुठंय?"

"आलं नाही, म्हणूनच तर अर्ज!"

"व्हय, पण कधी ना कधी येतंच की. मागच्या खेपेला कोणत्या वारी आलं? किती वेळ चाललं?"

मला ठाऊकच नव्हतं. पाणी आलं की घरात धावपळ व्हायची, पाइपला पाय अडकू नये म्हणून मी पेपर घेऊन गच्चीवर जायचो. इतक्या वर्षांत नळाशी मी एकदाही उभा राहिलो नव्हतो.

"मंगळवारी. पावणेदोन तास," आतून बायको म्हणाली, "शेवटचा अर्धा तास नुसती करंगळीएवढी धार."

तिनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं. दूध न घेतलेल्या दिवशी ती तारखेवर लाल फुली मारते, ते खाडे मला माहीत होते. त्यांच्या शेजारी निळे गोल होते, आणि प्रत्येक गोलात पाणी आल्याची नि गेल्याची वेळ.

"माझ्याकडंबी असंच हाय," ताई हसल्या. "समद्या बायकांकडं हाय. आम्ही नुसतं गोळा केलं."

सोमवारी बायकोबरोबर मीही गेलो. साहेबांपुढे बायकांनी कॅलेंडरं ओळीनं पसरली. एकाच टाकीवरच्या गल्ल्या, पण एकीला तीन तास आणि दुसरीला पाऊण. साहेबांनी दोन-तीन कॅलेंडरं जवळ ओढून आकडे ताडून पाहिले, मग व्हॉल्व्ह सोडणाऱ्याला बोलावून तिथंच वेळा बांधून दिल्या. माझी फाईल माझ्या काखेतच राहिली. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "काकू, तुमच्या गल्लीचा फळा तुम्हीच लिहायचा बरं का." काकू! ताईंवर जळून झालं होतं, आता घरच्याच माणसावर जळायची पाळी आली. महिनाभर फळ्यापाशी लोक तिला थांबवून वेळ विचारायचे. तिचे ळ आणि क सारखेच दिसतात, हे मी दोनदा दाखवून दिलं. तिनं लक्ष दिलं नाही.

मग ती कन्नडला गेली, पुरते चार दिवस राहायला. जाताना मला सांगितलं, "शनिवारी सातला येईल. आधी खालची टाकी, मग वरची. अन् तेवढं कॅलेंडरवर लिहा."

शनिवारी सातला आलंच. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून मी पाइप धरला, टाक्या भरल्या, पिंप भरलं, कंबर धरली. सगळं आवरून बसलो तोच फोन वाजला. मागं तिची बहीण कशालातरी हसत होती.

"आलं का?"

"आलं की! सगळं भरलं," मी ऐटीत म्हणालो.

"किती वेळ चाललं?"

मी घड्याळ बघितलंच नव्हतं.