तीनशे लिटरचा समुद्र

"बराबर न्हाई हे," असं म्हणत ते परीक्षानळी खिडकीकडं उचलून धरायचे. जालन्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ते केमिस्ट होते आणि मी कारकून. घनसावंगीपासून जाफराबादपर्यंतच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडं यायचं. एकेक बाटली ते तीनदा तपासायचे, आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं तर जास्तच अस्वस्थ व्हायचे. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. त्याच्या शेजारी बसलं की आपलाच पाय हलायला लागतो.

त्यांचे वडील, आबा, टेंभुर्णीला शेती करायचे. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली तेव्हा यांनी त्यांना जालन्याला आणलं. आबांचं एकच म्हणणं, "मला गावाला न्या." गावी बघणारं कुणी उरलं नव्हतं.

औरंगाबादच्या ज्या दवाखान्यात आबांना दाखवायचे, तिथं खाऱ्या पाण्याची एक काचपेटी होती. नारिंगी मासे, डोलणारी प्रवाळं. आबा तिच्यासमोर दोन तास बसले आणि गावाचं नाव काढलं नाही. झालं! महिन्याभरात यांच्या बैठकीत तीनशे लिटरची तसलीच पेटी उभी राहिली. मीठ मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आलं, डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडून. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गल्लीत हा माणूस समुद्र भरत होता. लोक हसले. आबांची कॉट मात्र पेटीला खेटून लागली आणि घर शांत झालं.

अशा पेटीला स्किमर नावाचं यंत्र लागतं. उभ्या नळीत बारीक बुडबुडे सुटतात, पाण्यातली घाण त्यांना चिकटते आणि फेस होऊन वरच्या वाटीत जमते. खोक्यावर 'तीनशे लिटर' वाचून यांनी ते आणलं होतं. दोन महिन्यांत पाणी पिवळट झालं, प्रवाळं मिटून बसली, एक मासा मेला. त्या दिवशी आबा पुन्हा म्हणाले, "मला गावाला न्या."

"भाऊ, खोकाच खोटं बोलून राह्यला," ते मला म्हणाले. मग त्यांनी थेट हजार लिटरचा स्किमर मागवला. तो तर त्याहून अवघड निघाला. फेस अर्ध्या नळीपर्यंत चढायचा आणि बसायचा. "एवढ्या मोठ्या नळीला एवढीशी घाण पुरतच न्हाई," म्हणून ते त्याचा वॉल्व्ह दिवसातून दहा वेळा फिरवायचे. "अहो, जेवा तरी बसून," वहिनी म्हणायच्या. हे ताट हातात घेऊन पेटीभोवती फिरत.

त्यांना एकच कोडं पडलं होतं. "चार मासे, चिमटीभर खाणं. मंग तीनशेवाल्याला पेलंना एवढी घाण येऊन कुठून राह्यली?"

एका दुपारी काम टाकून ते उठले. "चला, आत्ताच बघू." माझ्या स्कूटरवर आम्ही त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आबा उशीला टेकून बसले होते. पेटीवरचं झाकण सरकवलेलं. डाव्या हातानं ज्वारीची भाकरी कुस्करून ते पाण्यात टाकत होते.

"खा रे," ते माशांना म्हणत होते, "रानात न्हाई गेलं तरी जेवावं लागतं माणसाला."

आता हे ओरडणार, असं मला वाटलं. त्यांनी माझं कोपर धरलं आणि गुपचूप बाहेर आणलं. पायरीवर बसून पेन काढलं. "आता लागला हिशोब. चार मासे, चिमटीभर खाणं, आन् रोजची चतकोर भाकरी. सहाशेवाला बराबर बसंल."

"त्यापेक्षा आबांना सांगा ना, भाकरी टाकू नका म्हणून."

"का म्हणून सांगू?" ते म्हणाले. "वर्षभरात दुसऱ्या कुणाला खाऊ घातलंय त्यांनी, भाऊ?"

सहाशे लिटरचा आला. आठवड्यात वाटीत घट्ट, काळपट फेस जमायला लागला. पाणी काचेसारखं झालं, प्रवाळं उघडली. आबांना कुणी काही बोललं नाही. वहिनी रोज त्यांच्या ताटात चतकोर भाकरी जास्तीची वाढायच्या. असं दीड वर्ष गेलं. एका सकाळी आबा त्या कॉटवरच गेले.

तेरावा झाल्यावर यांनी पेटी त्या औरंगाबादच्या दवाखान्याला देऊन टाकली. मासे कॅनमध्ये घेऊन टेम्पोत मीही गेलो होतो. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली आणि आमची पुन्हा भेट नाही. त्यामुळं ती परतीची वाटच माझ्या लक्षात राहिली आहे.

बदनापूरला चहाला थांबलो. ग्लास हातात धरून ते रस्त्याकडं बघत राहिले.

"भाऊ, आबा चालत होते तव्हाच मला नोकरी लागल्ती. रजा होती, गाडी होती. एकदा तरी न्यायला पाहिजे होतं, न्हाई का? खरा समुद्र बघायला?"

"चहा गार होतोय," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले, आणि ग्लास तसाच बाकावर ठेवून टेम्पोत जाऊन बसले.