खाडीच्या बाजूने आलेलं नेटवर्क

आमच्या घरात भुताखेतांना कधीच जागा नव्हती. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, हॉलमध्ये बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, आणि कोणी अंगात येण्याच्या गोष्टी सांगायला लागलं की आई सरळ चहा ठेवायला उठते. मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. मशीन बिघडलं की त्यामागे कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, हा माझा रोजचा अनुभव. या ग्रुपवरचे अनुभव बरेच महिने नुसते वाचतेय, लिहायचं धाडस आज केलं. शिक्षण इंग्लिश मीडियमचं आहे, चुका सांभाळून घ्या.

माझी आत्या दाभोळजवळ खाडीकाठच्या एका वाडीत राहते. रत्नागिरीहून दोन फेरीबोटी कराव्या लागतात. घर उतारावर, मागे डोंगर, त्यामुळे घरात मोबाइलला रेंज नसते. फोन करायचा तर वरच्या रस्त्यावर जायचं. तिचा मुलगा सुमेधदादा मुंबईला नोकरीला होता. मागच्या वर्षी सुट्टीला आला असताना दोन मित्रांबरोबर होडीतून खाडीत गेला आणि होडी उलटली. ते दोघे पोहत काठाला आले. दादा आला नाही. चार दिवस शोधलं... काहीच मिळालं नाही. फोन त्याच्या खिशातच होता.

आत्याने वर्षभर पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यात गेलेल्या माणसासाठी करतात तो विधी, करू दिलं नाही. "सापडला नाय तो. मग कशाचं पुण्यानुमोदन?" एवढंच म्हणायची. त्याचा फोटोसुद्धा भिंतीवर लावू दिला नाही. शेवटी मोठ्या काकांनी तिला कसंबसं तयार केलं. रविवार ठरला, विहारातल्या भन्तेंना निरोप गेला. त्याच आठवड्यात तिने मला बोलावलं. दादाचा लॅपटॉप कपाटात पडून होता, तो सायलीला, म्हणजे दादाच्या धाकट्या बहिणीला, चिपळूणला कॉलेजसाठी द्यायचा होता. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. मी म्हटलं, पेनड्राइव्हवरून नवीन सिस्टिम टाकून देते.

निघताना काकांचा फोन आला. "बाय, तिने स्वतःहून त्याची वस्तू बाहेर काढलीय. शांतपणे काम कर नि ये. तिचं मन परत फिरेल असं काही बोलू नकोस."

मी तशीही फार बोलत नाही.

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही दोघी बसलो. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला. आधी दादाचे सगळे फोटो माझ्या हार्डडिस्कवर काढून घेतले, दोनदा तपासले. आत्या शेजारी लसूण सोलत होती.

"हे झालं की मग ह्यात त्याचं काय राहणार नाय ना?"

"फोटो आहेत सगळे, आत्या."

"फोटो हायत गो. फोटोंचं कोण बोलतंय."

इन्स्टॉल सुरू केलं. भाषा, कीबोर्ड, आणि मग नेटवर्क निवडायचं पान. तिथे यादी रिकामीच असणार म्हणून मी 'नेट नको' वर क्लिक करायला गेले, आणि यादीत एक नाव दिसलं. "मागू नको". सिग्नलच्या चारही रेघा भरलेल्या.

दादा रत्नागिरीला आमच्याकडे आला की आम्ही भावंडं हॉटस्पॉट दे म्हणून त्याच्या मागे लागायचो. म्हणून त्याने फोनच्या हॉटस्पॉटला हे नाव ठेवलं होतं, देवनागरीत. मी पटकन पान पुढे न्यायला हवं होतं. पण हात थांबला, आणि आत्याने वाचलं.

"सुमेधचं ना हे?"

मी बाण 'नेट नको' कडे नेला.

"जोड."

"दुसऱ्या कोणाचं तरी असेल, आत्या..."

"मग पासवर्ड चुकेल नि जोडलं जाणार नाय. बघ तरी टाकून."

 मोठ्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. हॉटस्पॉटचा पासवर्ड म्हणजे आत्याचं लग्नाआधीचं नाव, आम्हा भावंडांना पाठ होता. टाकला... आणि लागला.

पुढच्या पानावर अपडेट उतरवून घेण्याच्या चौकोनात खूण आधीच होती. ती काढायचंही मला सुचलं नाही. डिस्क पुसायला होकार दिला. काम सुरू झालं. खाली एकामागून एक फाइल उतरत होती — ज्या घरात साधा मेसेज जात नाही तिथे. आत्याने लसूण बाजूला ठेवला होता. तिची नजर वरच्या कोपऱ्यातल्या रेघांवर होती.

मग एक रेघ गेली. थोड्या वेळाने दुसरी. फाइल अडकली.

"लांब जातोय," आत्या म्हणाली. रस्त्याने चाललेल्या माणसाबद्दल बोलावं इतक्या साध्या आवाजात.

तिने चार्जरची वायर काढली, लॅपटॉप उघडाच उचलला आणि पडवीत गेली. रेघ वाढली. अंगणात अजून एक. मग ती जांभ्याच्या पायऱ्या उतरायला लागली, खाडीकडे. मी मागून "आत्या, आत चल" म्हणत तिच्यामागे उतरले. वाटेत शेजारच्या काकू जाळं वाळत घालत होत्या.

"कुठं चाललीस गो लॅपटॉप घेऊन?"

"रेंज बघतेय."

"गावली तर आमाला पण सांग हां," म्हणून काकू हसल्या.

भरती चढत होती. आत्या थांबली नाही. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग साडी पाण्यावर फुगून आली. लॅपटॉप तिने छातीशी धरला होता. मला पोहता येत नाही, तरी मी मागोमाग शिरले. स्क्रीनवर चारही रेघा भरल्या होत्या आणि फाइल भराभर उतरत होत्या.

"आता हाय. अजून जरा पुढे." तिने पाऊल उचललं. तिथून पुढे तळ एकदम खाली जातो, हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. तिलाही.

मी तिचा दंड धरला. ती मलाच ओढून न्यायला लागली. दुसऱ्या हाताने मी पेनड्राइव्ह खेचून काढला.

स्क्रीन गोठली, मग काळी झाली. आत्या जागच्या जागी थांबली. माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही.

"का काढलंस?"

रत्नागिरीला येऊन मी ती अर्धवट डिस्क तपासली. मला सिद्ध करायचं होतं की काही उतरलंच नव्हतं, आम्हा दोघींना भास झाला. पण डिस्कवर त्या दिवसाच्या तारखेच्या अपडेटच्या फाइल होत्या. दुपारी तीन वाजून गेल्यानंतरच्या. त्या माझ्या पेनड्राइव्हवर नव्हत्याच. दादाचं सिमकार्ड सात-आठ महिन्यांपूर्वीच बंद केलेलं आहे. वर्षभर खाऱ्या पाण्यात पडलेला फोन सुरू राहत नाही. आणि हॉटस्पॉट आपोआप लागत नाही, तो कोणीतरी हाताने चालू करावा लागतो. या तिन्ही गोष्टी मला माहीत आहेत आणि तरीही त्या फाइल आहेत. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ऑफिसमध्ये विचारायची हिंमत झाली नाही.

रविवारचं पुण्यानुमोदन आत्याने रद्द केलं. काका माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. लॅपटॉपवर मी नवीन सिस्टिम टाकून तो सायलीला दिला. तो नीट चालतो. यादीत तिच्या हॉस्टेलचं नेटवर्क दिसतं, दुसरं काही नाही.

आत्या दर दोन-तीन दिवसांनी वरच्या रस्त्यावर येऊन मला फोन करते. आधी जेवलीस का विचारते, मग बाबांची तब्येत. आणि मग विचारते, "बाय, तेव्हा जोडलेलंस ना, तेव्हा त्याच्या फोनला चार्जिंग किती होतं, ते दिसतं का गो तुला?"