छपराबाहेरची पिवळी रेषा

आमच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर एक पिवळी रेषा आहे. दाराचं छप्पर जिथं संपतं, बरोबर तिथं. दरवर्षी वल्हांडणाच्या सणाआधी माझा नवरा झेलिग गुडघे टेकून ती स्वतः रंगवायचा. ही रेषा कोहेन लोकांसाठी. कोहेन म्हणजे आम्हा ज्यू लोकांतलं पुजाऱ्यांचं कूळ, बापाकडून पोराकडे आलेलं. मढं असलेल्या छपराखाली त्यांनी पाऊल ठेवायचं नाही, म्हणून ते बिचारे थंडीवाऱ्यात रेषेपलीकडे उभे राहायचे. झेलिगनं त्यांच्यासाठी बाहेर एक लाऊडस्पीकरही लावला होता. मी म्हणायची, "कोहेनांचे लाड करायचे तुझ्याकडून शिकावं." तो हसायचा नाही. त्याला हसायला वेळ लागतो म्हणून मी सोडून द्यायची.

दुकान म्हणते मी, पण पाटीवर लिहिलंय 'ग्लिकस्टर्न आणि मुलगा, अंत्यविधी'. खाली दुकान, वर आमचं बिऱ्हाड. कोपेल ग्लिकस्टर्न म्हणजे माझे सासरे. लढाईनंतर तेरा वर्षांच्या झेलिगला घेऊन ब्रुकलिनला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात मेलेल्यांना आंघोळ घालायच्या कामाला लागले. दहा वर्षांनी दुकान त्यांचं झालं. गरीब असो की शेठ, सगळ्यांना तीच साध्या पाइनची पेटी आणि तेच पांढरं कापड. कुणी पितळी कड्या मागितल्या की मामंजी म्हणायचे, "कड्या कुणाला दाखवणार आहे तो?"

मी या घरात एकोणीसशे पंचावन्नला आले, आणि कोरी आले नव्हते. एकोणिसाव्या वर्षी माझं एक लग्न झालं होतं. अकरा महिने टिकलं, मग त्यानं रब्बींसमोर, म्हणजे आमच्या धर्मगुरूंसमोर, घटस्फोटाचा कागद माझ्या हातावर ठेवला. घटस्फोटित बाईकडे कोण बघतंय? हे दोघं बापलेक बघायला आले. मामंजींनी माझ्या हातचा चहा घेतला, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "तोंड फार चालतं हिचं. चांगलं आहे, आपल्या घरात कुणी बोलतच नाही."

मामंजी गेले ते शहाऐंशीच्या फेब्रुवारीत, गुरुवारी दुपारी. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो, मग माती देता येत नाही की प्रवास करता येत नाही. म्हणून अकरा वाजता प्रार्थना आणि लगेच स्मशानाकडे निघायचं असं ठरलं. आता माझा आगाऊपणा ऐका. मामंजींच्या ड्रॉवरमध्ये नववर्षाची शुभेच्छापत्रं सापडली. दरवर्षी एकाच माणसाकडून, माँट्रियलच्या फिशेल नावाच्या. झेलिगला न विचारता मी त्याला फोन केला. वाटलं, म्हाताऱ्याचं गावाकडचं कुणीतरी असेल, बरं दिसेल.

शुक्रवारी सकाळी दहाला मी वरच्या खिडकीतून पाहिलं तर एक वाळका म्हातारा पाटी वाचत उभा होता. तोंड उघडं टाकून वाचत होता. मग खाली बघून तो दोन पावलं मागं सरला आणि पिवळ्या रेषेपलीकडे जाऊन थांबला. म्हटलं, कोहेन दिसतोय. ग्लासात चहा घेतला, दोन साखरेचे खडे घेतले आणि खाली गेले.

तो फिशेलच होता, रात्रभर बसमध्ये बसून आलेला. चहा त्यानं घेतला, पण प्यायला नाही. कोपेल हेच काम करायचा का, असं त्यानं मला दोनदा विचारलं. कोपेलनं त्याला चाळीस वर्षं लिहिलं होतं की लाकडी सामानाचा धंदा आहे. मी म्हटलं, पेट्या लाकडाच्याच असतात की. त्याला हसू आलं नाही.

"मी कोहेन आहे," तो म्हणाला.

"दिसतंय, काका. रेषेच्या बाहेर उभे आहात."

"अगं बाई, कोपेल माझा चुलतभाऊ. त्याचा बाप आणि माझा बाप सख्खे भाऊ."

मी मनात नातं जुळवून पाहिलं, पुन्हा जुळवून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. बापाकडचं कूळ. मामंजी कोहेन. म्हणजे झेलिग कोहेन. आणि कोहेननं घटस्फोटित बाईशी लग्न करायचं नसतं. केलं असेल तर तिला सोडायचं असतं. यात पळवाट नाही, हे मला रब्बींच्या मुलींइतकंच पाठ होतं, कारण पहिल्या नवऱ्यानं सोडल्यावर दोन स्थळं मला याच कारणानं नाकारून गेली होती.

एकतीस वर्षं. एक मुलगी, हिंडा, डेट्रॉइटला नुकतीच बाळंत झालेली. ती कुणाची म्हणायची मग, आणि मी तरी कोण? झेलिग नियमाचा इतका पक्का की शब्बाथला काही वाहून न्यायचं नसतं म्हणून खिशात रुमालसुद्धा ठेवत नाही. त्याला कळलं तर तो सोमवारी रब्बींकडे जाईल, आणि रब्बी काय सांगतील ते मला ठाऊक होतं.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, "काका, हे आत्ता काढू नका. कालच झेलिगचा बाप गेलाय."

"मग कधी काढू? मला शब्बाथ लागायच्या आत कुठंतरी पोचलं पाहिजे. कोपेलच्या कबरीच्या दगडावर हात कोरायला हवेत. आमच्यात सगळ्यांच्या दगडावर असतात, आशीर्वाद देणारे दोन हात. आणि त्या पोराला सांगायला हवं की हा धंदा बंद कर. पोराला ठाऊक तरी आहे का तो कोण आहे?"

नाही, मी म्हटलं. त्याला लढाईआधीचं काहीच आठवत नाही, तो तसंच सांगतो. मग मी विनवायला लागले. मी, जिनं कुणाच्या बापाला कधी विनवलं नव्हतं. घरी सात दिवस सुतक आहे, तेव्हा मीच योग्य वेळ पाहून सांगेन, तुम्ही दुरून प्रार्थना ऐका आणि जा. त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि तू कुणाची मुलगी, असं विचारलं. मी बापाचं नाव सांगितलं. पहिल्या नवऱ्याचं गिळलं.

अकराला दहा कमी होते. दार उघडून झेलिग बाहेर आला. कोटाची कॉलर रिवाजाप्रमाणे फाडलेली, हातात पेटी उचलणाऱ्यांची यादी. मी मध्ये उभी राहिले, अगदी दारातल्या खांबासारखी. म्हटलं, आत जा, लोक थांबलेत. पण म्हातारा माझ्या खांद्यावरून बोललाच.

"झेलिग, मी फिशेल. तुझ्या आजोबांचा पुतण्या. कोपेल कोहेन होता. तूही आहेस."

मी डोळे मिटून घेतले.

"मला ठाऊक आहे, काका," झेलिग म्हणाला.

लाऊडस्पीकरमधून आतल्या लोकांचं खोकणं ऐकू येत होतं.

मग झेलिग म्हणाला, मी सात वर्षांचा होतो, सणाला आजोबा आशीर्वाद द्यायला उभे राहिले की मला आपल्या शालीत घ्यायचे, त्या शालीचा वास मला अजून येतो. पुढं बाबांनी काय केलं तेही मी पाहिलंय. नाझींच्या छावणीचं फाटक उघडलं त्या दिवशी लोक भाकरीकडे धावले आणि बाबा फावडं शोधायला गेले. कुंपणाजवळ एक्केचाळीस माणसं पडली होती. पुरायला कोण कोहेन आणि कोण नाही हे विचारत बसायला कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हात धुताना बाबा म्हणाले, आता हे हात आशीर्वादाला वर करायचे नाहीत, आता यांना हेच काम.

"आणि दगडावर?" फिशेलनं विचारलं.

"दगडावर नुसतं नाव. तसंच सांगून गेलेत."

म्हाताऱ्यानं ग्लास माझ्या हातात दिला. चहा गार झाला होता. प्रार्थना होईपर्यंत तो रेषेपलीकडे उभा राहिला, स्मशानाच्या फाटकाबाहेरही थांबला, आणि मग कुणाचा निरोप न घेता निघून गेला.

माझं म्हणाल तर मी पेटले होते. सुटका झाली म्हणून रडायचं की एकतीस वर्षं फसवलं म्हणून ओरडायचं, तेच कळेना. आता एकेक गोष्ट आठवू लागली. सणाला सिनेगॉगमध्ये कोहेनांना पुढं बोलावायची वेळ झाली की बापलेक उठून बाहेर जायचे, एकाला खोकला यायचा आणि दुसऱ्याला गाडी बघायची असायची. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, आमच्या माणसांना धर्मकार्यातही दुकान सुटत नाही.

माती देताना झेलिगनं हातमोजे काढले. फावडं दुसऱ्या कुणाला न देता अर्ध्याहून जास्त खड्डा त्यानं एकट्यानं भरला. लोक म्हणाले, बापावर जीव होता.

परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो. तो किल्ली फिरवणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"लग्नाआधी रब्बींनी तुला विचारलं असेल ना, कोहेन आहेस का म्हणून? मी घटस्फोटित, विचारल्याशिवाय ते लग्न लावणार नाहीत."

"विचारलं. बाबा शेजारी उभे होते. आम्ही दोघंही नाही म्हणालो."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

खरं होतं ते. मी तेव्हा फार कडक होते, नकार खाऊन खाऊन झालेली. चांगला हाकलला असता मी त्याला, आणि आयुष्यभर स्वतःवर खूश राहिले असते. मला हुंदका आला आणि त्याचा रागही आला. झेलिग काचेतून बाहेर बघत राहिला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "कोहेनला सख्ख्या बापाच्या मढ्याची मुभा असते. आईची, भावाची, पोटच्या पोरांची. चौतीस वर्षांत किती जणांना हात लावला मी. नियमानं लावलेला आजचा पहिला."

म्हणून त्यानं मोजे काढले होते.

"आणि बायकोची?" मी विचारलं.

"लग्नाच्या बायकोची असते. नियमात बसणाऱ्या."

"म्हणजे माझ्यासाठी नाही."

"नाही," तो म्हणाला. "पण ब्रयना, तुझ्या वेळी मी रेषेबाहेर उभा राहणार नाही."

मी त्याच्या फाटक्या कॉलरवरची माती झटकली. सूर्य कलला होता. गाडी घे म्हटलं, शेजारणी सुतकाच्या जेवणाची अंडी उकडून आपली वाट बघत असतील.