सपरीतली शाळा

आमगावपासून कोसभर अंतरावरच्या त्या खेड्यात अनुसयाबाईचा हात कुणालाही ओळखू येई. दाराच्या चौकटीवर धानाच्या लोंब्यांची झालर दिसली, तिची वीण घट्ट आणि कड सरळ असली, की बायका म्हणत, ही उदारामच्या घरची. धान कापणीला येता येता, काडीत थोडी ओल असतानाच ती लोंब्या खुडून आणी, कारण पुरती वाळलेली काडी वळताना मोडते. झालर एकदा दारावर चढली की हिवाळाभर ती चिमण्यांची. घरच्यांनी तिच्यातला दाणाही तोडायचा नाही.

तिची मुलंही हे काम बोलायला लागायच्या आधी शिकली. शाळेचं मात्र वेगळं झालं.

असहकाराच्या साली उदाराम आमगावच्या सभेला गेला आणि परत येताना पोराचं सरकारी शाळेतलं नाव काढूनच आला. खेमराज तेव्हा नुकता शाळेत जाऊ लागला होता. "तेथं गुलाम तयार होतेत," उदाराम म्हणाला. "माझा पोट्टा घरीच शिकंल. मी शिकवीन." महिनाभर त्यानं शिकवलंही. सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, गोणपाट अंथरून, भिंतीला पाठ लावून. मग रोवणी आली, मग सभा आल्या, मग कापणी आली. पुस्तक त्याच्या हातातून बायकोच्या मांडीवर कधी सरकलं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढच्या वर्षी गावातली बाकीची पोरं शाळेत परत गेली, सभेत हात वर करणाऱ्यांचीसुद्धा. उदारामनं खेमराजला पाठवलं नाही. "लोक फिरले म्हणून मी फिरू?" तो दिलेला शब्द पाळणारा माणूस होता. त्या शब्दाचं ओझं घरात दुसरंच कुणी वाहत होतं, एवढंच.

अनुसयाबाई माहेरी दुसरीपर्यंत शिकलेली. जोडाक्षर आलं की अडखळायची, पण वाचायची. पुस्तक मांडीवर, हातात धानाच्या वाळल्या काडीचा, तणसाचा दोर. ती एक वाक्य वाची. खेमराज आणि धाकटी शामकला ते मागून म्हणत, आणि म्हणता म्हणता तणसाच्या चुंबळी वळत, तणसाचेच खेळण्यातले बैल बांधत. दोन कामं एकदम होत, याचं तिला बरंच वाटे. रिकाम्या हातानं बसून शिकणं त्या घरात कुणी पाहिलेलंच नव्हतं.

मार्गशीर्षात एका दुपारी ती धान पाखडून सपरीत आली, तर खेमराज दोर वळत बकरीचा धडा मोठ्यानं म्हणत होता. पुढ्यात पुस्तक उघडं होतं. वाऱ्यानं पान उलटलेलं, त्यावर विहिरीचं चित्र, आणि हा बकरीला डोंगरावर चढवत होता.

"खेमराज, का करून राहिला?"

"वाचून राहिलो, माय."

"या पानावर बकरी कोठं हाय?"

त्यानं मान वळवून चित्र पाहिलं आणि जराही न अडखळता विहिरीचा धडा सुरू केला. अनुसयाबाई खाली बसली. चित्राखालच्या एका अक्षरावर तिनं बोट ठेवलं. "हे का होय?"

खेमराजनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "विहीर."

त्यानंतर तिनं तणीस बाजूला ठेवून अक्षरं घोटवून पाहिली. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी पुसलेलं असे. पोरगा मठ्ठ नव्हता. आख्खं पुस्तक त्याला तोंडपाठ असताना एकेका अक्षराशी माय कशाला झगडते आहे, हेच त्याला उमगत नव्हतं. शेवटी तिनं नवऱ्यापुढे विषय काढला.

"अजी, त्याले वाचता येत नाई. माझ्यानं नाई होत आता. माझ्या भावाजवळ गोंदियाले पाठवा, तेथं शाळेत जाईल."

"तुले आपल्या पोरावर भरोसा नाई."

"मले माझ्यावर भरोसा नाई."

 उदाराम म्हणाला, "छेरछेऱ्याले तुझा भाऊ टेकचंद येतेच. तो पाहील. पोट्टा अडला तर घेऊन जाऊ दे त्याले. नाई अडला, तर या घरात शाळेचं नाव पुन्हा नाई काढायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. त्या घरात तिच्या मनासारखं काही ठरण्याची ही पहिलीच खेप. तिनं काही करायचंही नव्हतं. गप्प बसायचं आणि पोराला अडखळू द्यायचं.

पण छेरछेऱ्याचा सण तोंडावर आला होता. पौषातली पुनव, नवं धान घरात आलेलं, भाऊ यायचा. अंगण सारवलं, भिंतींना छुईची पांढरी माती लावली, नव्या तांदळाचे अनरसे केले. खेमराजनं त्या वर्षी पहिल्यांदा अख्खी झालर स्वतः विणली होती. कड वाकडी होती. भाऊ पाहील, सासू चारचौघांत बोलेल, म्हणून अनुसयाबाईनं ती कड उसवली आणि सरळ करून दिली. खेमराज सपरीत धडे म्हणत बसे. चुलीपाशी भाजी परतताना तिच्या कानावर पडे, तो कुठं अडला की तिच्या तोंडून निघून जाई, "मंग करडू म्हणाले..." आणि पोरगा पुढे धावे. शब्द सुटून गेल्यावर ती पदर तोंडाशी धरी. पण तोवर उशीर झालेला असे.

पुनवेला सकाळपासून पोरांच्या झुंडी टोपल्या घेऊन दारोदार फिरत होत्या. "छेरछेराऽऽ!" अशी आरोळी आली की सासू रुख्मा सुपातून धान ओती. दुपार व्हायच्या आत टेकचंद बैलगाडीतून उतरला. गोंदियाच्या एका आडतीवर तो मापाडी होता, बोलण्यात निम्मी हिंदी. दारातच थबकला.

"क्या बात है! हे कोनं बनवलं?"

"खेमराजनं," उदाराम म्हणाला. "घरच्या शाळेत."

कड माझी आहे, हे अनुसयाबाईच्या ओठांपर्यंत आलं. खेमराज छाती काढून उभा होता. ती पाण्याचा तांब्या आणायला आत गेली.

सगळे सपरीत बसले. टेकचंदनं पुस्तक उघडलं. बकरी निघाली. खेमराजनं बोट ओळींवरून फिरवत धडा म्हटला. बोट कुठंही फिरत होतं, पण समोरून ते कुणाला दिसणार?

"वा बेटा!"

दाराआडून अनुसयाबाई म्हणाली, "भाऊ, दुसरं पान काढ."

विहीर निघाली. एक शब्द चुकला नाही.

"पुढचं काढ. अन् चित्रावर हात ठेव."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रुख्मा म्हणाली, "अवं, तू माय होय का मास्तर? लोकायच्या माया पोरावर पांघरूण घालतेत, हे ओढून राहिली."

टेकचंदनं हसत आपला रुंद पंजा चित्रावर ठेवला. विहिरीनंतर कुंभार. दोन हिवाळे रोज तो हे धडे त्याच क्रमानं, तिच्याच आवाजात ऐकत आला होता. खेमराजनं कुंभाराचं चाक फिरवलं, मडकं घडवलं, उन्हात वाळत ठेवलं आणि दम घेतला.

"आता एकेक अक्षर पूस," अनुसयाबाई म्हणाली. 

"बस," उदाराम म्हणाला. तो ओरडला नाही. "ठरलं ते ठरलं."

"भाऊ, त्याले वाचता येत नाई."

 रुख्माच आधी हसली. "मंग आत्ता का गाणं म्हणून राहिला होता?"

"बाई," टेकचंद समजुतीनं म्हणाला, "आमच्या मालकाचा पोरगा शाळेत जाते. त्याले याच्या निम्मंबी येत नाई. आपला पोट्टा काऊन दूर करते?"

 पोरानं जे करून दाखवलं ते तिनंच शिकवलेलं होतं. खेमराज कधी मायकडे, कधी मामाकडे पाहत होता. ती अनरसे वाढायला उठली.

ऊन कलायच्या आधी टेकचंद निघाला. उदारामनं चौकटीवरची झालर स्वतः उतरवून त्याच्या हाती दिली. चिमण्यांची वस्तू अशी उतरवत नाहीत, पण त्या दिवशी तो खुशीत होता. "घेऊन जा, गोंदियाले दाखव. दुसरी बनवंल तो." गाडी वळणाआड जाईपर्यंत अनुसयाबाई दारात उभी राहिली.

आत आली तर कोठीच्या आडोशाला खेमराज बसला होता. मांडीवर गाठोडं. त्यात धुतलेला सदरा, पाटी आणि तणसाचा एक बैल.

"गाडी गेली, माय?"

"गेली."

"आजी म्हणे, मामाजी माझी परीक्षा घेऊन मले गोंदियाले नेणार." त्यानं गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मी तर एकबी शब्द नाई चुकलो."

तिनं त्याच्या शेजारी बसकण मारली.

"कोठं चुकलो, माय?"

 तिनं पुस्तक ओढून घेतलं, सापडलं ते पान उघडलं आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. बाहेर चिमण्या रिकाम्या चौकटीवर येऊन बसत होत्या, चिवचिवत होत्या, उडत होत्या.

"हे का होय?"

खेमराजनं अक्षराकडे पाहिलं, मग चाकाच्या चित्राकडे, मग तिच्या तोंडाकडे.

"कुंभार?" तो म्हणाला.

"हो," अनुसयाबाई म्हणाली. "बरोबर."