डिकीवरचा हात

गाणं कुठे पास होतं असं ह्यूस्टनच्या रेकॉर्डवाल्यांना विचारलं तर ते म्हणतील, स्टुडिओत. म्हणोत बापडे. लव्हेलची गाणी पास व्हायची पोर्ट आर्थरला, आमच्या पेकानच्या झाडाखाली, माझ्या नवऱ्याच्या जुन्या ब्यूक गाडीच्या डिकीवर.

नवऱ्याचं नाव क्लोव्हिस गिलरी. तेलाच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं बॉयलर ठोकले, त्यानंतर शाळेत रखवालदारी केली. नातू लव्हेल सोळाचा झाला तेव्हा त्याला गाडीत ढोलासारखा आवाज हवा होता. क्लोव्हिसने डिकीत मावेल अशी लाकडी पेटी केली, तिच्यात मोठाले स्पीकर बसवले आणि आत अस्तर म्हणून माझ्या आईने शिवलेली गोधडी कापून लावली. मला विचारायची तसदी घेतली नाही. वर, गोधडीमुळेच आवाज गोल येतो, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ती गोधडी असती तर दोन नातवंडं तिच्यात वाढली असती, पण जाऊ दे.

पुढे लव्हेल रॅप करू लागला. त्याचा मित्र पर्नेल ठेके बांधायचा. दोघं दर शनिवारी ह्यूस्टनहून नवी टेप घेऊन यायचे, कारण स्टुडिओतल्या भारी स्पीकरवर काहीही गोड लागतं, आणि आमची माणसं गाणी ऐकतात गाडीत. टेप लागली की क्लोव्हिस डिकीच्या झाकणावर पंजा ठेवायचा, डोळे मिटायचा. गाणं संपलं की सांगायचा, "ढोल चिखलात रुतलाय." किंवा, "खालचा आवाज वरच्याच्या मांडीवर बसलाय, उठवा त्याला." पोरं निमूट परत जायची आणि दुरुस्त करून आणायची. त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, त्यांची दोन गाणी आल्बमच्या आधीच रेडिओवर आली. सिग्नलला चार गाड्या उभ्या राहिल्या तर तिनांमधून लव्हेल ओरडत असायचा.

आता जी गोष्ट फक्त मला ठाऊक होती ती सांगते. क्लोव्हिसला ऐकू येत नव्हतं. बॉयलरवरच्या हातोड्यांनी कान खाल्ले होते. समोरच्याचे ओठ दिसले तर तो निभावून न्यायचा. टीव्हीवर आम्ही हसलो की हसायचा. चर्चमध्ये मी कोपर मारलं की "आमेन" म्हणायचा, आणि पाळकांना वाटायचं, गिलरीइतकं मन लावून कुणी ऐकत नाही. आम्ही दोघं यावर कधी बोललो नव्हतो. पोरांना कळलं तर ती शनिवारची यायची थांबतील, ही धास्ती त्याला होती. सबंध आठवड्यात तो दाढी करायचा ती शनिवारी.

त्या शनिवारी मी ओसरीवर भेंड्या चिरत बसले होते. लव्हेल एरवी तोंड मिटत नाही, पण त्या दिवशी बुटाच्या टोकाने खडी उकरत होता. पर्नेलने टेप लावली. ठेका संथ होता. आणि त्यावर आमचा लव्हेल म्हणत होता,

"डबा घेऊन निघायचा भोंगा वाजला की रोज,
काम नव्हतं, खांद्यावर होतं नुसतं खोटं ओझं.
समुद्राच्या भिंतीवर दिवस काढला त्यानं,
पाच वाजता घरी आला कामकऱ्याच्या मानानं.
घरी नव्हतं ठाऊक कुणा..."

माझा चाकू थांबला. ब्याऐंशी साली कारखान्याने क्लोव्हिसला कमी केलं होतं. शाळेतली नोकरी लागेपर्यंत सात महिने त्याने मला सांगितलं नाही, आणि नंतरही कधी नाही. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा आणि समुद्राच्या भिंतीवर जाऊन बसायचा. काढताना कारखान्याने दिलेले पैसे थोडे थोडे करून दर शुक्रवारी पगार म्हणून माझ्या हातात ठेवायचा. लव्हेल तेव्हा दहा वर्षांचा. शाळा बुडवून भटकताना त्याने आजोबाला तिथे गाठलं होतं. क्लोव्हिस त्याला म्हणाला होता, "तू शाळेत होतास, मी कामावर होतो. समजलं?" तेही गाण्यात होतं, शब्दाला शब्द.

गाणं चालू असतानाच लव्हेल बुटांकडे बघत आजोबाला पुटपुटत म्हणाला, "पॉपॉ, यात सगळं तुमचंच आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी हे आल्बममधून काढून टाकतो. देवाशपथ, राग नाही येणार मला."

क्लोव्हिसचे डोळे मिटलेले, पंजा झाकणावर. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "झकास. यातला कणसुद्धा हलवू नका."

लव्हेलने त्याला अशी काही मिठी मारली की क्लोव्हिसची टोपी पडली. ठेका आवडला म्हणून एवढं काय, असा चेहरा करून म्हातारा माझ्याकडे बघत राहिला.

"मग सोमवारी दुपारी टेप न्यूयॉर्कला कंपनीकडे जाते," पर्नेल म्हणाला. "तिसरं गाणं हेच."

माझी रात्र कशी गेली ते सांगत नाही. लव्हेलला खरं सांगितलं तर क्लोव्हिसचे शनिवार जातील. गप्प बसले तर न्हाव्याच्या दुकानात गाणं वाजेल, माणसं त्याच्याकडे वळून बघतील, आणि का बघतायत हे गावात त्याला एकट्यालाच कळणार नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर मी म्हटलं, "गाडीत बस."

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"मग घरात काय कमी खुर्च्या आहेत?"

बसला पण. पोरांनी गाडीतच ठेवलेली टेप मी लावली आणि आवाज पार वर नेला. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. अडुसष्ट वर्षांची बाई, डोक्यावर चर्चची निळी टोपी, आणि गाडीत रॅप. बघा म्हटलं, पोटभर बघा. मी क्लोव्हिसची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं.

"माझ्या ओठांकडे बघ."

"का? काही अडकलंय दातात?"

"हे शब्द तुला काल ऐकू आले नाहीत. मी सांगते."

तो ताठ झाला. "हे बोलायचं आपलं ठरलं नव्हतं, अर्लीन."

"न बोलायचंही ठरलं नव्हतं. बघ इकडे."

मी ओळीमागून ओळ म्हणत गेले, ठेक्यावर. ठेका त्याच्या पाठीत, शब्द माझ्या तोंडात. माझा श्वास पुरत नव्हता. ही पोरं एवढं भराभर कसं बोलतात देव जाणे. डब्याच्या ओळीला तो हसला. भिंतीच्या ओळीला त्याने हसू आवरलं. "तू शाळेत होतास" म्हटलं तेव्हा हात पुढे करून टेप बंद केली.



"तुला हे काल कळलं?" त्याने विचारलं.

"काल? सात महिने तुझे कपडे कोण धूत होतं? काजळी नाही, तेलाचा डाग नाही. खिशात कोळंबीची शेपटी."

"मग बोलली का नाहीस?"

"डब्यात कोंबडीच्या कच्च्या माना कुणी ठेवल्या होत्या? खेकडे धरायला?"

"मला वाटलं, तू घाईत चुकून..."

"आणि गुंडाळलेली दोरी? तीही घाईतच ठेवली?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मी टोपी काढून त्याला वारा घातला. दुसरं काय करणार?

"सगळं गाव ऐकणार गं."

"हो. पण नको म्हणायला उद्या दुपारपर्यंत वेळ आहे."

"नको म्हणायचं तर सांगावं लागेल, काल ऐकलंच नाही म्हणून."

"हो म्हणायचं तरी सांगावं लागेल. पोराने तुला परवानगी मागितली होती, क्लोव्हिस. तू ठेक्याला दिलीस."

त्याने टेपकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "परत लाव. आणि सावकाश बोल, तुझे ओठ फार पळतात."

तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. मग मी लव्हेलला फोन केला. दोघं संध्याकाळच्या आत आले.

क्लोव्हिस ओसरीवर उभाच राहिला. "काल मी शब्द ऐकले नाहीत. चार-पाच वर्षं झाली, कुणाचेच ऐकू येत नाहीत. माझा हात ऐकतो, तेवढंच."

पर्नेलच्या तोंडातला च्युइंगगम थांबला. "म्हणजे पहिल्या दोन गाण्यांचे शब्दसुद्धा...?"

"का? काय आहे त्यांत?"

"काही नाही, सर. देव दयाळू आहे."

"मी ऐकलेत," मी म्हटलं. "पर्नेल, मला तोंड उघडायला लावू नकोस."

लव्हेल खाली बघून काहीतरी बोलला. क्लोव्हिसने बोटाने त्याची हनुवटी वर केली. "वर बघून बोल. खाली बघून बोललास म्हणून तर घोळ झाला."

"पॉपॉ, काढून टाकू का?"

"नको. पण एक चूक आहे. तू म्हणतोस, घरी कुणाला ठाऊक नव्हतं. हिला ठाऊक होतं. कोंबडीच्या माना घाल त्यात."

"कोंबडीच्या माना?" पर्नेल म्हणाला. "सर, हे गाणं अख्ख्या देशात वाजणार आहे."

"मग अख्ख्या देशाला कळू दे."

पोरं तशीच ह्यूस्टनला परत गेली, ती ओळ बदलली आणि सोमवारी टेप रवाना केली.

पुढच्या शनिवारी क्लोव्हिस सकाळी नवापासून दाढी करून ओसरीवर बसला होता. कुणाची वाट बघत नाही असं दाखवत होता. अकराला गाडी आली. लव्हेल त्याच्यासमोर उभा राहिला, चेहरा उजेडाकडे केला आणि आधी सगळे शब्द सावकाश म्हणून दाखवले. मग टेप लावली. तेव्हापासून तोच रिवाज पडला. शिव्यांच्या जागी तो नुसता ओठ मिटायचा. क्लोव्हिसला त्या कळायच्या, पण तोही सभ्यपणे मान डोलवायचा.

आल्बम दहा लाखांवर खपला. तिसरं गाणं पहिल्या दोन्हींच्या पुढे गेलं. किराणा दुकानातली बाई कोंबडीच्या माना बांधून देताना मला डोळा मारायची.

एका गुरुवारी अँब्रोझ सेमियन बायकोला, बर्निसला, घरी ठेवून एकटाच आमच्या अंगणात आला. तो क्लोव्हिसबरोबर बॉयलरवर होता, त्याच महिन्यात त्यालाही काढलं होतं. हॅट हातात घेऊन उभा राहिला.

"क्लोव्हिस, तू भिंतीच्या कोणत्या टोकाला बसायचास?"

"पुलाच्या. का?"

"मी दुसऱ्या टोकाला होतो. नऊ महिने."

क्लोव्हिसने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा सांगितलं. "नऊ," मी बोटं दाखवली.

"अरे गाढवा," क्लोव्हिस म्हणाला, "इकडे यायचं होतंस की. मला बोलायला कुत्रं नव्हतं."

अँब्रोझ पायरीवर बसला. मग क्लोव्हिसला दिसेल असं तोंड करून म्हणाला, "बर्निसला अजून ठाऊक नाही. चौदा वर्षं झाली. रेडिओवर ते गाणं लागलं की मी उठून परसात जातो. कसं सांगू रे तिला?"

क्लोव्हिसने खिशातून ब्यूकची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"टेप आतच आहे," तो म्हणाला. "तिला शेजारी बसव. आणि जपून चालव, ब्रेक डावीकडे ओढतो."