न वाजलेला संबळ

अंगात येणं वगैरे प्रकार मला कधीच पटले नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदिरानगरला माझं क्लिनिक आहे. शरीर थकलं की मन खेळ करतं, एवढंच मला ठाऊक. पण गेल्या वर्षी जे घडलं ते जसंच्या तसं सांगते...

आमच्या हौशी ग्रुपने नवं नाटक बसवलं होतं — नवऱ्याचा मार खाणारी आजची एक नर्स, आणि शेवटी तिच्यात उभी राहणारी देवी. आमच्या दिग्दर्शिकेला, मेघनाला, हा शेवट बोहाड्याच्या ढंगात हवा होता. बोहाडा म्हणजे सुरगाणा-पेठ भागात मुखवटे घालून नाचतात ते देवादिकांचं नाट्य. देवीचा मुखवटा सुरगाण्याकडच्या काशीनाथकाकांनी दिला. त्यांचा भाऊ संबळ वाजवायचा. तो गेला आणि गावातला बोहाडाच थांबला. मुखवटा आता तुमच्याकडेच राहू द्या, असं काका म्हणाले होते.

रंगीत तालमीला ते मुद्दाम आले. भर दुपार होती. संबळाचं रेकॉर्डिंग आम्ही फोनवरून स्पीकरला जोडलं होतं. नर्सची भूमिका माझी होती. मी मुखवटा चढवला, महिषासुर झालेल्या नवऱ्यावर धावून गेले... आणि संबळ असा घुमायला लागला की पाय माझे राहिलेच नाहीत. शेवटच्या घावाआधी तो एकदम थांबला. मीही थांबले. मग एकच ठोका पडला — आणि मी त्रिशूळ मारला.

मुखवटा काढला तशी मेघना धावत आली. तिने सांगितलं, प्रवेश सुरू होतानाच स्पीकर बंद पडला होता, तरी तू नाचतेयस म्हणून कोणी अडवलं नाही. मला खरं वाटेना. तिने काढलेला व्हिडिओ पाहिला. त्यात फक्त माझ्या पायांचा आवाज.

काकांचे डोळे भरले होते. मी काही बोलायच्या आतच त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. तोच ताल! शेवटी थांबले... मग एक ठोका.

"पोरी, तुला पण आयकू आला ना?"

मी मान डोलावली.

"माझा भाऊच असा थांबायचा. दुसरं कोणी नाय."

रेकॉर्डिंग वेगळ्याच वादकाचं होतं. नंतर ऐकून पाहिलं — त्यात तो थांबा नाहीच.

प्रयोग झाल्यावर काकांनी मुखवटा परत मागून घेतला. गावात लागेल म्हणाले. भावाच्या मुलीला त्यांनी शेजारच्या गावी संबळ शिकायला पाठवलं, आणि या चैत्रात काकांच्या गावात पुन्हा बोहाडा झाला. मी गेले होते. मुलीचा हात अजून कच्चा आहे, ताल मधूनच सुटत होता, पण सगळं गाव जमलं होतं.

त्या दुपारी आम्ही दोघांनी काय ऐकलं, ते मला आजही सांगता येत नाही. काकांना विचारलं, तर शेजारी संबळ बडवणाऱ्या पुतणीकडे बोट दाखवून म्हणाले, "आता हिचा आयक."