हाड माहं हाय, मले सांगा

आईचा उभा जन्म गडचिरोलीकडच्या आमच्या गावात धानाच्या बांधीत वाकून गेला. रोवणा करणाऱ्या बायकांत ती सगळ्यांत उंच. ऐंशीच्या दशकात मी भद्रावतीला शाळेत शिकवू लागले. सुट्टीत घरी गेले की दर वेळी ती बुटकी वाटायची. लुगडं पायात यायचं, शिंक्याला हात पुरायचा नाही. मग एका उन्हाळ्यात पाण्याची गुंडी उचलताना तिच्या पाठीत कट्‌ असा आवाज झाला आणि ती तिथंच बसली.

गावच्या डॉक्टरनं सुई टोचली. म्हणाला, "बाई, वय झालं आता. चालायचंच."

"वय म्हंजे बिमारी हाय का?" आई म्हणाली. "माही मोठी बहीण अजून मोहफुलं येचून राह्यली."

मी तिला एसटीनं चंद्रपूरला नेलं. खड्डा आला की ती माझा दंड आवळायची. मोठ्या दवाखान्यातही तेच: म्हातारपण आहे, शेका, घरी न्या. आई बाकावरून उठेचना.

"पाठीचा फोटो काढा. तवाच जाईन."

काढला. डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरून मला सांगू लागले. आईनं हात वर केला.

"साहेब, हाड माहं हाय. मले सांगा."

त्यांनी खुर्ची वळवून तिलाच दाखवलं. मणका पुढून चेपून पाचरीसारखा झाला होता. वरचा एक तर जुनाच मोडलेला. हाडं आतून विरळ, ठिसूळ झाली होती. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांचं असं होतं, उंचीही त्यानंच घटते, म्हणाले. कॅल्शियमच्या गोळ्या, दूध, थोडे दिवस आराम, मग रोज चालायचं. वाकणं आणि ओझं कायमचं बंद.

घरी भावानं ओसरीवर खाट टाकली. "आता उठू नको." पाठ सोसवू लागली तशी आईनं ती खाट त्यालाच उचलायला लावली. "साहेबानं चालाले सांगतलं, मराले नाई."

रोवण्याच्या दिवसांत मात्र ती रोज बांधीपर्यंत चालत जायची आणि वाकलेल्या बायकांकडे बघत उभी राहायची.

त्या हिवाळ्यात ती गावच्या दोन पोक आलेल्या बायका घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी तिघींना चंद्रपूरला नेलं. दवाखान्यात पुन्हा कुणीतरी म्हणालं, वय झालं.

"थे आमाले मालूम हाय. फोटो काढा."

एकीची हाडं आईसारखीच निघाली, दुसरीची धड. दुसरी परतताना एसटीत हिरमुसून बसली. गोळ्यासुद्धा मिळाल्या नव्हत्या.

"रडतं काऊन?" आई तिला म्हणाली. "आता कोनी म्हातारी म्हणलं त् सांग त्याले, आपुन पाहून आलो म्हणून."